चांदीच्या रुपयावरचा रंग मुरलेला की चढवलेला? या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीच्या गर्दीत, एका पथारीवर मला १९०७चा एडवर्डचा रुपया दिसला. कडेला जांभळा, आत निळा, राजाच्या गालावर मोरपिशी छटा. घासाघीस न करता घेतला. घरी भिंगाखाली धरला तेव्हा बारीक ओरखड्यांच्या आतही तोच निळा भरलेला दिसला. नाणं आधी घासलेलं होतं आणि रंग त्यानंतर चढवलेला होता.

पुढे अमळनेरच्या एका म्हाताऱ्या सराफाला तो दाखवला. रंगाकडे फारसं न बघता ते म्हणाले, “भाऊ, हाऊ रुपया कोठे व्हता, ते पहिले इचार.” टोनिंग, म्हणजे चांदीवर कालांतराने येणारा रंग, ओळखायला याहून चांगला प्रश्न मला आजवर सापडलेला नाही.

पहिली चूक: नुसता रंग बघणं

हवेतल्या गंधकाच्या वायूंशी चांदीचा संयोग होतो आणि पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो. पाण्यावर सांडलेल्या तेलात रंग दिसतात, तसेच या थरातून परतणाऱ्या प्रकाशामुळे रंग दिसतात. थर जाड होत जातो तसा रंग ठरावीक क्रमाने बदलतो: आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-किरमिजी, मग निळा, पुढे फिकट निळा, पुन्हा पिवळा, गुलाबी, हिरवा आणि शेवटी काळा. हा क्रम पाठच करून ठेवा. नैसर्गिक टोनिंगमध्ये एक छटा दुसरीत विरघळत जाते. पांढऱ्या चांदीला लागून एकदम गडद निळा डाग दिसला आणि मधले सोनेरी, तांबूस टप्पे गायब असले, तर थर सावकाश वाढलेला नाही असं समजा. पोटॅशियम सल्फाइडचं पाणी, आयोडीन, भट्टीची आच यांनी रंग तासाभरात येतो, पण तो बहुधा असा उड्या मारत येतो.

रंगाखाली झळाळी शोधा. न वापरलेलं नाणं बल्बखाली तिरकं फिरवलं की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. खऱ्या टोनिंगमधून हे पट्टे दिसत राहतात. चढवलेला रंग मात्र बऱ्याचदा वर तरंगल्यासारखा, मेलेला दिसतो. म्हणून मोबाइलवर आलेल्या फोटोवर नाणं घेऊ नका, फोटोत रंग वाढवता येतो. नाणं दिव्याखाली फिरवतानाचा व्हिडिओ मागा.

झिजलेल्या राणीछाप रुपयावर झगझगीत इंद्रधनुष्य दिसलं तरी मी हात आखडता घेतो. अमेरिकेत मॉर्गन डॉलर ही चांदीची जुनी नाणी हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत वर्षानुवर्षं पडून राहिले, त्यामुळे कोऱ्या नाण्यांवर कापडाशी लागून तसे रंग आले. आपला कलदार, म्हणजे इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया, बहुतेक वेळा हातोहात फिरला. ज्या नाण्यावर मूळ झळाळीच उरली नाही, त्यावर असे रंग फुलणं फार दुर्मीळ.

दुसरी चूक: “आजीच्या पेटीतलं आहे” एवढ्यावर विश्वास

कहाणी जरूर ऐका, पण ती नाण्यावर तपासा. खानदेशात जुना रुपया कुठे कुठे राहिला? धाब्याच्या घराच्या भिंतीत पुरलेल्या गाडग्यात राहिला असेल तर तो करडा-काळा, मंद असतो. तांब्याच्या भांड्यात असेल तर हिरवट डागही सापडतात. लक्ष्मीपूजनाच्या डबीतला रुपया दर दिवाळीला चिंच-राखेने घासलेला असतो. त्याचे उंचवटे पांढरे पडतात, अक्षरांच्या बेचक्यांत काळं राहतं, कधी तिथे कुंकूही चिकटलेलं सापडतं. सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल बायांच्या माळेतला रुपया अंगाला घासून गुळगुळीत होतो, वर कडीच्या डाकाची खूण राहते. वर्षानुवर्षं कागदात किंवा सुती कापडात निवांत पडलेला रुपया कडेकडून आत सोनेरी, मग तपकिरी होत जातो.

आता विक्रेता पूजेच्या डबीची गोष्ट सांगतोय आणि रुपयाच्या दोन्ही बाजू एकसारख्या निळ्या-जांभळ्या आहेत, तर गोष्ट आणि नाणं जुळत नाही.

कडेच्या दातेरी रेषाही बघा. सगळं नाणं द्रावणात बुडवलेलं असेल तर तिथेही सगळीकडे सारखाच रंग भरतो. ताज्या कामाला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण तो काही दिवसांत उडतो. वास नाही म्हणून रंग खरा ठरत नाही.

तिसरी चूक: घासून खात्री करणं

ही सगळ्यात महाग पडते. १९३९पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. घासलात तर संग्राहकाची किंमत जाते आणि मोडीचा भाव तेवढा उरतो. लिंबू, टूथपेस्ट, अॅल्युमिनियमची फॉइल आणि सोडा, यातलं काहीही नको. फॉइलच्या युक्तीने सल्फाइडच निघून जातं, मग खरं टोनिंग असलं तरी तेही गेलं.

शंकाच असेल तर शुद्ध अॅसिटोन वापरा, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे. उघड्या हवेत, चुलीपासून लांब, काचेच्या वाटीत नाणं बुडवा आणि न घासता काढा. वार्निश, शाई, प्लास्टिकचा चिकटा यात सुटतो, सल्फाइड सुटत नाही. रंग उतरला तर तो वरून लावलेलाच होता. पण उतरला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका: गंधकाच्या द्रावणाने आणलेला रंगही सल्फाइडच असतो, तोही टिकतो. तिथे पुन्हा रंगांचा क्रम, झळाळी आणि ओरखडे याच तीन गोष्टींकडे यावं लागतं.

महाग नाणं असेल तर नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या एनजीसी किंवा पीसीजीएस या अमेरिकी संस्थांकडे पाठवता येतं. रंग संशयास्पद वाटला तर त्या संस्था नाण्याला साधा दर्जा देत नाहीत.

१९४० ते १९४५च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, बाकी बहुतांश तांबं, शिवाय निकेल आणि जस्त. त्यांच्या तपकिरी, मातकट रंगाला आधीच्या रुपयांचे नियम जसेच्या तसे लावू नका. मी स्वतः एक खरा मातकट रुपया नकली रंगाचा समजून परत केला होता.

आणि घरातलं चांगलं नाणं पीव्हीसीच्या पाकिटात, वर्तमानपत्रात किंवा रबर बँडने बांधून ठेवू नका. पीव्हीसीने हिरवा चिकटा येतो, कागद आणि रबरातल्या गंधकाने डाग पडतात. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या पेटीत हे सगळं अधिक वेगाने होतं, म्हणून नाणी आतल्या थंड खोलीत, मायलरच्या (पॉलिएस्टरच्या पारदर्शक) पाकिटात ठेवा.