"काकू, हा बेस कुणाचा?" : चाळिशीत कोल्हापुरात मेटल (म्हणजे कडक रॉक) वाजवायचं असेल तर

मागं एका कॉलेजच्या ग्राउंडवर कार्यक्रम होता. मी बेस गिटार पाठीला मारून स्टेजच्या पायऱ्या चढत होतो तर साउंडवाला पोरगा म्हणतोय, "काकू, हा बेस कुणाचा? त्यांना वर पाठवा की, लाइन चेक करायचीय." म्हटलं माझाच हाय बाबा. मग हसला, वायर दिली. पोरगं वाईट नव्हतं अजिबात, फक्त त्याच्या डोक्यात बेसवाला म्हणजे लांब केसांचा बावीस वर्षांचा गडी, आणि केस माझेही लांबच आहेत पण त्यात पांढरे दिसतात, त्याचा हिशोब काय जुळंना.

(आधीच सांगतो, कोल्हापुरात बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. पुण्याच्या लोकांनी चुका काढत बसू नये.)

मी बेस धरला ३८ व्या वर्षी, आता ४४. या सहा वर्षांत ओळखीतल्या चार-पाच जणींनी विचारलं की आम्हाला पण वाजवायचंय, कसं करायचं. प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा, मोठमोठ्यानं 'बायकांनी हे करू नये' म्हणणारा माणूस मला या सहा वर्षांत एकदा का दोनदा भेटला असंल. बाकी सगळं असं बारीक बारीक असतंय, काकू-टाइप. आणि दर वेळी त्याच ठिकाणी येतंय, दुकानात, साउंडचेकला, अनाउन्समेंटला, फोटोत. ठिकाणं आधीच माहीत असली की तयारी करता येते.

दुकानात

नवऱ्याला नेऊ नका. चांगला असला तरी नेऊ नका. मी नेला होता, दुकानदार पूर्ण वेळ त्याच्याशी बोलत होता आणि त्या माणसाला गिटार आणि बेसमधला फरक पण माहीत नाही, तो आपला मान हलवतोय. मला युकुलेले दाखवलं. "मॅडमना हे हलकं पडंल." दुसऱ्या वेळी एकटी गेलो, दुपारी, गर्दी नसताना, आणि सरळ म्हटलं अँप लावून द्या, वाजवून बघतो. दोन रिफ (गाण्यातले छोटे तुकडे) येत असतील तरी बास, पण दुकानात बसून वाजवायचंच, घरी नेऊन मग कळण्यात अर्थ नाही.

बघायचं काय? फुल साइज बेसची स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, ३४ इंच असते, शॉर्ट स्केल ३० च्या आसपास. बाईमाणूस दिसलं की शॉर्ट स्केल पुढं करतात. शॉर्ट स्केल वाईट नाही, पण मेटलमध्ये ट्यूनिंग खाली घेतो आपण, ड्रॉप डी (जाड ई तार डी सुरावर उतरवणं) किंवा त्याहून खाली, आणि ३० इंचावर जाडी तार नाही लावली तर ती लोंबते आणि फडफडते. त्यामुळं हात पोचत असंल तर ३४ च घ्या. हात पोचत नाही म्हणजे काय तेही सांगतो, बहुतेक वेळा हात लहान नसतोय, अंगठा चुकीच्या जागी असतोय. अंगठा नेकच्या (बेसच्या लांब दांड्याच्या) मागं मधोमध ठेवा आणि खालच्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांवर) 'एका फ्रेटला एक बोट' हा हट्ट सोडा, पहिलं बोट, दुसरं बोट आणि करंगळी एवढ्यावर काम चालवा, कॉन्ट्राबासवाले (उभा मोठा बेस वाजवणारे) पूर्वापार असंच वाजवतात. रॉक गायिका आणि बेसिस्ट सुझी क्वाट्रो जेमतेम पाच फूट उंचीची बाई, फुल साइज फेंडर प्रिसिजन गळ्यात घालून उभी राहायची, १९७३ मध्ये तिचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं. तिला कुणी युकुलेले दाखवलं असतं तर?

वजन बघा. चार किलोच्या पुढं असंल तर दुकानातच दहा मिनिटं उभं राहून खांद्याला लावून बघा, चाळिशीतले खांदे खोटं बोलत नाहीत. पट्टा रुंद घ्या. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो, छातीवर बेसची कडा कुठं येते ते उभं राहून बघायचं. पोरांच्या उंचीला पट्टा लावला की कडा नेमकी नको तिथं रुतते, दोन गाण्यांनंतर जीव नकोसा होतो. पट्टा दोन भोकं खाली-वर करा, जिथं बरं वाटंल तिथं खूण करून ठेवा. अजून एक, वायरलेस घेतलंत तर ट्रान्समीटर अडकवायला पोरांना बेल्ट असतोय, आपल्या कुर्त्याला खिसा सुद्धा नसतोय. तो पट्ट्यालाच मागच्या बाजूला अडकवा. ओढणी घरी ठेवा. माझी एकदा पेडलवर (पायानं दाबून आवाज बदलायच्या डबीवर) पडली आणि मी डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज खरखरीत करायचं बटण समजून ओढणी दाबत होतो.

रियाज आणि जागा

फ्लॅटमध्ये हेडफोनवरच. सकाळी पंधरा मिनिटं, रात्री पंधरा मिनिटं, मेट्रोनोमला (टिकटिक करून ताल देणाऱ्या यंत्राला) लावून, एवढं रोज केलं तरी सहा महिन्यांत हात चालतो. रविवारी चार तास वाजवून आठवडाभर बेस पलंगाखाली, याचा काही उपयोग नाही.

बँडबरोबर वाजवायला जागा हा कोल्हापुरातला मोठा प्रश्न. आम्हाला उद्यमनगरात एक शेड मिळाली, लेथ मशीनच्या शेजारी, सुट्टीच्या दिवशी. तिथं आसपासच्यांना आवाजाची सवय आहे, कुणी तक्रार करत नाही. गंमत बघा, गणपतीत डॉल्बीनं खिडक्यांची तावदानं हलतात तेव्हा लोक कौतुकानं व्हिडिओ काढतात, आणि घरात बाईनं साडेसातला अँप लावला की "वहिनी, जरा बघा हं, मुलं अभ्यासाला बसल्यात." ठीक आहे. नियम मात्र सगळ्यांना सारखा आहे, लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी, तो पाळा म्हणजे बोलायला जागा उरत नाही.

कानात प्लग घाला, हे वयाचं नाही, सगळ्यांनाच लागू. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होत जाते, १०० वर गेलात की फक्त पंधरा मिनिटं. ड्रमशेजारी उभं राहिलं की शंभर सहज होतात.

बँड मिळवताना

पोरं वीस-पंचविशीतली असणार, कारण आपल्या वयाचे गडी एक तर सोडून बसलेत नाहीतर जुनी हिंदी गाणी वाजवतात. पहिल्याच दिवशी तीन गोष्टी बोलून घ्या, पैसे कसे वाटायचे, रात्री परत कोण सोडणार, आणि हाक काय मारायची. तिसरी बारीक वाटते पण तीच मोठी. पोरं मला काकू म्हणायला लागली. आपल्याकडं काकू म्हणजे मानानं म्हणतात, मान्य, पण ज्या माणसाला तुम्ही काकू म्हणता त्याला 'तुझा टेम्पो (गाण्याची लय) पळतोय' म्हणत नाही, आणि ज्याला चूक सांगत नाही त्याला बँडात धरत नाही. नावानं हाक मारायला त्यांची जीभ वळंना. शेवटी 'अक्का' वर तडजोड झाली. आता "अक्का, झोपलाय काय, ब्रेक चुकला की" असं ऐकू येतंय, बरं वाटतंय.

गायचं असंल, म्हणजे ग्राउल (मेटलमधलं गुरगुरणारं गाणं) करायचं असंल, तर एवढंच सांगतो की ते घसा फाडून होत नाही. खऱ्या स्वरतंतूंच्या वर खोट्या पट्ट्या असतात, त्या हलवायच्या असतात, श्वास पोटातून. दुखलं की थांबा, दुखणं म्हणजे पद्धत चुकलीय. बाईचा आवाज 'तसा' निघत नाही म्हणणाऱ्याला अँजेला गोसो ऐकवा, २००१ च्या अल्बमपासून आर्च एनिमी या मेटल बँडमध्ये तिनं काय केलं ते ऐकून पहिल्यांदा सगळे गाणारा कोण आहे म्हणूनच विचारतात. पाळी जायच्या वयात आवाज थोडा खाली उतरतो म्हणतात, उतरू दे की, आपल्याला खालीच जायचंय.

आणि बँडच्या पोस्टरवर 'फिमेल मेटल' असं छापू देऊ नका. तो संगीताचा प्रकार नाही. बोल्ट थ्रोअर या ब्रिटिश बँडमध्ये जो बेंच नावाची बाई १९८७ पासून बँड बंद होईपर्यंत बेसवर होती, ते डेथ मेटलच (मेटलचा एक प्रकार) होतं. उलट बाजूनं अमेरिकेत रिव्हॉल्व्हर मासिक वर्षानुवर्षं मेटलमधल्या 'हॉट' पोरींचे विशेषांक काढत होतं, म्हणजे त्या पोरी वाजवतात काय हे शेवटी कुणाच्या ध्यानात राहिलं देव जाणे.

साउंडचेक

इथं नीट लक्ष द्या. निम्मी लढाई इथं होते.

आपल्याकडचे साउंडवाले डॉल्बी आणि ऑर्केस्ट्रा यात तयार झालेले, हातात जादू आहे त्यांच्या, पण बेस म्हटलं की सब (अगदी खालचे सूर देणारा स्पीकर) वाढवायचा एवढंच डोक्यात. बेसची खालची ई तार ४१ हर्ट्झच्या आसपास असते, डबल किकपण (ड्रमवाला दोन्ही पायांनी वाजवतो तो) खालीच घुमतो, दोन्ही सबमध्ये एकत्र आले की नुसता घुम्म घुम्म. तुम्ही जाऊन सांगायचं, सब थोडा कमी करा, मिड (मधले सूर) कापू नका, सातशे-आठशे हर्ट्झच्या आसपास जरा द्या, बेस दिसायला लागंल. असं आकड्यात बोललं की समोरचा माणूस बदलतोय, मी डोळ्यांनी बघितलंय. "आवाज जरा चांगला करा ना दादा" म्हटलं की तुम्ही काकू, "मिड द्या" म्हटलं की बेसिस्ट. अन्याय आहे का? आहे. पोरानं 'आवाज चांगला कर' म्हटलं तरी तो बेसिस्टच राहतोय. पण साउंडचेकला दहा मिनिटं असतात, त्यात समाज कुठं सुधारत बसणार.

स्वतःचा डीआय बॉक्स (बेस थेट मिक्सरला जोडायची डबी) न्या, स्वतःची जॅक वायर न्या, एक जास्तीची न्या. तुमच्या पेडलला कुणी 'मदत' म्हणून हात घातला तर "थांबा, सेटिंग हललं" एवढंच. हसून म्हणा पण म्हणा. मॉनिटरमध्ये (स्टेजवर आपल्याकडं तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) काय पाहिजे ते कागदावर लिहून आधीच द्या, म्हणजे स्टेजवरून हातवारे करायला नको, बाईचे हातवारे नाच समजून टाळ्या पडतात. (झालंय.)

अनाउन्समेंट

निवेदकाला चिठ्ठी तुम्हीच द्या. नाहीतर तो म्हणणार "घरसंसार सांभाळून, या वयातही". ड्रमर एमआयडीसीत शिफ्ट सांभाळून येतो, त्याचं कुणी म्हणतंय का? चिठ्ठीवर नाव आणि वाद्य, बास. तोंडी सांगू नका, विसरतात आणि मग सुचंल ते बोलतात.

वयाचं

रोलिंग स्टोन्सचा गायक मिक जॅगर २०२४ मध्ये ८० वर्षांचा असताना दौऱ्यावर होता, लोक म्हणाले काय एनर्जी. गायिका टीना टर्नरचं गाणं १९८४ मध्ये अमेरिकेत एक नंबरला गेलं तेव्हा ती ४४ ची होती, म्हणजे आत्ताचं माझं वय, आणि तेव्हा लोकांना ते आश्चर्यच वाटलं. अमेरिकन गायिका सिस्टर रोझेटा थार्पनं १९४० च्या दशकात इलेक्ट्रिक गिटारवर रॉकचा पाया घातला, ती १९७३ ला वारली आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये (रॉकमधल्या मोठ्या लोकांचा गौरव करणाऱ्या संस्थेत) तिला घेतलं २०१८ ला. त्याच हॉलच्या संस्थापकांपैकी एक यान वेनर, २०२३ मध्ये मुलाखतीत बोलून गेला की आपल्या रॉक कलाकारांच्या मुलाखतींच्या पुस्तकात घ्यावं इतकं बायकांना नीट बोलता येत नाही, मग त्याला संचालक मंडळावरून काढलं. म्हणजे ही कीड वरपर्यंत आहे, आपला साउंडवाला बिचारा शेवटच्या पायरीवर.

मला नवल वाटतं ते वेगळंच. या गावात शाहू महाराजांच्या आश्रयाला अल्लादियाखाँ होते, त्यांच्या तालमीत केसरबाई, मोगूबाई तयार झाल्या. त्यांच्याबद्दल बोलताना आपली माणसं म्हणतात वयानं गाणं पिकतं. तेच कान, तेच गाव, फक्त खांद्याला बेस आला की "आता या वयात कशाला". कुणी असं म्हटलं तर वाद घालू नका, पुढच्या कार्यक्रमाची तारीख सांगा. येतात बघायला, मी अनुभवानं सांगतो, चूक काढायला का होईना येतात.

त्रास झाला तर

टोमणा वेगळा आणि अंगचटीला येणं वेगळं, दुसऱ्यात हसून घालवायचं नाही. आयोजकाला लेखी कळवा, मेसेज जपून ठेवा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नोकरीवर नसलेल्या बाईलाही लागू होतो आणि त्यात 'कोणत्याही वयाची' असं स्पष्ट लिहिलंय. छोट्या आस्थापनांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची. पोस्टरवर स्वतःचा नंबर टाकू नका, बँडचं वेगळं सिमकार्ड घ्या आणि ते ड्रमरकडं ठेवा. रात्री दोनला 'हाय' पाठवणाऱ्याला तो स्वतःचा फोटो पाठवतोय, पुन्हा मेसेज येत नाही.

राहिली बॅग. वायर दोन, तारांचा सेट, ट्यूनर, कानाचे प्लग, पाणी, पट्ट्याचे लॉक, चिकटपट्टी आणि चाळशी. सेटलिस्ट (गाण्यांची क्रमवार यादी) काळ्या जाड मार्करनं, मोठ्या अक्षरात लिहा. लाल पेननं लिहू नका, स्टेजवर लाल लाइट पडली की लाल अक्षर गायब होतंय. सुरुवातीला पोरं हसायची, अक्काची सेटलिस्ट म्हणजे बसची पाटी. मागच्या वेळी लाल लाइट पडली, तिसरं गाणं संपलं आणि चौघंही वाकून माझ्या पायाजवळचा कागद वाचत होते.