ऑर्लँडोच्या डिस्ने सहलीत गोल्फ खेळताय? या चुका टाळा

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ साली उघडलं, आणि त्याच वर्षी तिथे पीजीए टूरची (अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ मालिकेची) स्पर्धाही सुरू झाली. पहिली तिन्ही वर्षं ती जॅक निकलसने जिंकली. पुढे १९९६ आणि १९९९ मध्ये टायगर वूड्सने. २०१२ पर्यंत ही स्पर्धा चालली. म्हणजे इथले कोर्स हॉटेलवाल्यांनी शोभेला केलेली हिरवळ नव्हेत. पाम, मॅग्नोलिया आणि लेक बुएना व्हिस्टा हे तिन्ही १८ होलचे कोर्स मुळात जो ली या आर्किटेक्टने आखले. ओक ट्रेल हा ९ होलचा, पार ३६ चा (म्हणजे ३६ फटके अपेक्षित असलेला) छोटा कोर्स वेगळा. फोर सीझन्स हॉटेलचा ट्रँक्विलो हा टॉम फॅझिओने आखलेला कोर्सही याच आवारात आहे.

मुलाबाळांसह गेलेल्या माणसाचा इथला राऊंड सहसा स्विंगमुळे बिघडत नाही. बिघडतो तो वेळ चुकीची धरल्याने.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक: पार्कच्या दिवशीच टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) घेणं

सकाळ गोल्फला उत्तम असते: हवा थंड, वारा कमी, ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) कोरी. पण डिस्नेच्या राइड असलेल्या पार्कमध्येही रांगा सगळ्यात लहान असतात त्या दार उघडल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना पार्कमध्ये अर्धा तास आधी सोडतात, तेही सकाळीच. एकाच सकाळवर दोन्हींचा डोळा. ‘तुम्ही जा मॅजिक किंगडम पार्कला, मी अकरापर्यंत येतोच’ असं बोलून बाहेर पडणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा: साडेसातचा टी टाइम असेल तर सातला, बॉल मारून अंग मोकळं करायचं असेल तर पावणेसातला कोर्सवर हजर. रिसॉर्ट कोर्सवर १८ होलना सव्वाचार ते साडेचार तास धरायचे, कारण पुढच्या ग्रुपमध्ये कुणीतरी वर्षातून एकदाच खेळणारा असतोच. बारा वाजता शेवटचा पट (बॉल होलमध्ये घालायचा हलका फटका). खोलीवर जाऊन आंघोळ, जेवण, मग पार्कपर्यंतचा प्रवास. दोनच्या आत तुम्ही पार्कात पोचत नाही.

तोपर्यंत मागे राहिलेल्याचे हाल होतात. सात वर्षांखालच्या मुलाबरोबर राइडमध्ये किमान १४ वर्षांचं कुणीतरी बसावं लागतं. मोठी ट्रॉन या राइडमध्ये बसायच्या मापाची (१२२ सेंटीमीटर) आणि धाकटा स्पेस माउंटन राइडच्या मापालाही (११२ सेंटीमीटर) कमी, अशी जोडी असेल तर एकट्या आईला किंवा बाबाला दोघांपैकी कुणाचंच धड करता येत नाही. अशा वेळी रायडर स्विच ही सोय उपयोगी पडते: एक मोठा माणूस राइड घेतो, दुसरा धाकट्यापाशी थांबतो, मग दोघे जागा बदलतात आणि दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. पण त्याला मोठी माणसं दोन लागतात. दुसरा चौदाव्या होलवर असेल तर ती सोय असून नसल्यासारखी. आजी-आजोबा बरोबर असतील तर प्रश्न बराच सुटतो, फक्त त्यांनी किती चालायचं ते आधी ठरवा. पार्कच्या एका दिवसात दहा-बारा किलोमीटर सहज होतात.

म्हणून गोल्फचा दिवस म्हणजे पार्क नसलेला दिवस. चार-पाच दिवसांच्या सहलीत एक दिवस पोहण्याचा आणि विश्रांतीचा तसाही लागतोच, टी टाइम त्या सकाळी घ्या. बाकीची मंडळी उशिरा उठतात, नाश्ता करून पूलवर जातात, आणि त्यांना तुमची फारशी आठवणही येत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी पार्क करायचाच असेल तर लायटनिंग लेनच्या (पैसे भरून मिळणाऱ्या छोट्या रांगेच्या) वेळा नीट लावा. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मल्टी पासचं (अनेक राइडसाठीच्या या पासचं) बुकिंग मुक्कामाच्या सात दिवस आधी आणि बाहेर राहणाऱ्यांना पार्कच्या दिवसाच्या तीन दिवस आधी, तिथल्या सकाळी सातला उघडतं. राइडसाठी परत येण्याची खिडकी तासाभराची असते. म्हणून टी टाइम आधी पक्का करा, आणि त्या दिवशीची पहिली खिडकी दुपारी तीनच्या आधीची धरू नका.

नाव बघून कोर्स निवडणं

बरेच जण डोळे मिटून मॅग्नोलिया घेतात, कारण सहाव्या ग्रीनशेजारचा मिकीच्या डोक्याच्या आकाराचा बंकर (वाळूचा खड्डा) फोटोंमधून ओळखीचा असतो. कोर्स छानच आहे. पण कुटुंब त्या वेळी कुठे असेल, हे आधी बघा. पाम आणि मॅग्नोलिया एकाच क्लबहाउसमधून सुरू होतात आणि पॉलिनेशियन हॉटेलच्या समोरच्या बाजूला आहेत. तिथून मोनोरेल जवळ. मंडळी मॅजिक किंगडमच्या बाजूच्या हॉटेलांत असतील तर हेच दोन कोर्स सोयीचे.

लेक बुएना व्हिस्टा साराटोगा स्प्रिंग्ज रिसॉर्टला लागून आहे आणि डिस्ने स्प्रिंग्ज हा दुकानं-खानावळींचा भाग हाकेच्या अंतरावर. तिथे तिकीट लागत नाही, गाडी लावायलाही पैसे पडत नाहीत. बाकीच्यांना खरेदी आणि जेवण, तुम्हाला १८ होल. कुटुंबासह गेलेल्याला आम्ही आधी हाच सुचवू. मागच्या टीवरूनही (सुरुवातीच्या सगळ्यात लांबच्या जागेवरूनही) तो ६,७०० यार्डांच्या आसपास आहे, पाम आणि मॅग्नोलियापेक्षा आखूड. सातव्या होलचं ग्रीन पाण्याने वेढलेलं आहे, तिथे मात्र अंतर मोजूनच क्लब (काठी) काढा.

मुलांना बरोबर न्यायचं असेल तर १८ होलचा हट्ट नको. ओक ट्रेल साधारण २,९०० यार्डांचा, पायी खेळण्याचा कोर्स आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला खऱ्या फेअरवेवर (होलकडे जाणाऱ्या हिरवळीच्या पट्ट्यावर) खेळल्याचा आनंद मिळतो आणि मागचा ग्रुप अंगावर येत नाही. कोणताही कोर्स घ्या, हॉटेलच्या पाहुण्यांना तिथवर न्यायला-आणायला गाडीची सोय आहे का, हे टी टाइम घेतानाच विचारा. पहाटे सेट खांद्यावर टाकून बसच्या थांब्यावर उभं राहण्याची वेळ येऊ नये.

महिना न बघता वेळ ठरवणं

जून ते सप्टेंबर. आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीचा शेवट आणि अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांची शाळांची सुट्टी, दोन्ही यात येतात. या महिन्यांत फ्लोरिडाच्या दोन्ही किनाऱ्यांवरून समुद्राचं वारं आत घुसतं, मध्ये भिडतं, आणि दमट हवा वर चढून दुपारी गडगडाटी पाऊस होतो. साधारण दोनपासून पुढे कधीही. आपल्या पावसात छत्री घेऊन खेळणारे असतात, इथे ते चालत नाही. प्रश्न विजेचा आहे. भोंगा वाजला की खेळ थांबवून क्लबहाउस गाठायचं, झाडाखाली किंवा कार्टमध्ये (गोल्फच्या छोट्या गाडीत) बसून वाट बघायची नाही. म्हणून उन्हाळ्यात सकाळी आठच्या आतला टी टाइम. दुपारचा स्वस्त दर बघून एकचा घेतलात तर निम्मे होल होतात. पाऊस आल्यास उरलेल्या होलचे पैसे परत मिळतात, पुढच्या वेळेसाठी जमा होतात की बुडतात, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.

पाऊस थांबल्यावर कार्ट फक्त रस्त्यावरूनच न्यायची सक्ती होते. अशा वेळी बॉलकडे जाताना तीन-चार क्लब आणि पटर हातात घेऊन उतरा. एकच क्लब घेऊन गेलेला माणूस प्रत्येक होलवर दोन फेऱ्या मारतो आणि राऊंड पाच तासांवर जातो.

डिसेंबरचं गणित वेगळं. सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो. १८ होल पुरे करायचे तर दुपारी एकच्या आत सुरुवात हवी. जूनमध्ये उजेड सव्वाआठपर्यंत टिकतो. जानेवारीत एखाद्या पहाटे दव गोठतं आणि ग्रीन मोकळं होईपर्यंत कुणालाच सोडत नाहीत. अशा दिवशी कुणाला बाराला भेटायचा शब्द देऊ नका.

भारतातून येणाऱ्यांना आणखी एक भान हवं. उन्हाळ्यात ऑर्लँडो आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथल्या दुपारच्या चारला शरीराच्या घड्याळात रात्रीचा दीड वाजलेला असतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत संध्याकाळचा राऊंड घेतलात तर नवव्या होलनंतर पाय ओढत खेळाल. उलट पहाटे तीन-चारला जाग येतेच. तिचा फायदा घ्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या सकाळी पहिला टी टाइम मिळवा. पार्कात दिवसभर वणवण झाल्यावर दुसऱ्या सकाळी पोटऱ्या दुखत असतात, त्यापेक्षा हेच बरं.

ग्रीन कोणत्या अवस्थेत आहे ते न विचारणं

फ्लोरिडातलं बर्म्युडा गवत उन्हाळ्यात जोमात वाढतं, म्हणून ग्रीनला भोकं पाडून वाळू भरण्याचं काम (एरेशन) याच महिन्यांत होतं. त्यानंतर दहा दिवस ते दोन आठवडे पट उड्या मारत जातो, आणि दर मात्र नेहमी कमी होतोच असं नाही. फोन करून दोन गोष्टी विचारा: एरेशन कधी झालं किंवा होणार आहे, आणि त्या तारखांना कोणता कोर्स कामासाठी बंद आहे.

पट करताना गवताचा रोख बघा. ग्रीन चमकदार, फिकं दिसत असेल तर पाती तुमच्यापासून लांब झुकलेली आहेत आणि बॉल जास्त पळेल. गडद दिसत असेल तर पाती तुमच्याकडे, बॉल अडेल. शंका असेल तर होलची कड बघा. जी कड विस्कटलेली, तपकिरी दिसते तिकडे गवताचा रोख. उतार आणि रोख एकाच दिशेला असले की हमखास पट लांब जातो. ग्रीनच्या कडेला पाती समोरून येत असतील तर वेजची (बॉल उंच उडवायच्या क्लबची) पुढची धार मातीत रुतते. तिथे पटर काढणं हाच शहाणपणा.

कॅडीची सवय

पुण्या-मुंबईच्या क्लबात कॅडी बॉल शोधतो, बंकर सारखा करतो, लाइन सांगतो. इथे कार्ट मिळते, बाकी सगळं तुमचं तुम्ही. बंकरमधून निघालात की रेक मारायचा. फेअरवेवर खणलेल्या जागेत कार्टवरच्या बाटलीतली वाळू भरायची. ग्रीनवरचा बॉलचा खड्डा कडेकडेने मध्याकडे दाबत बुजवायचा, खालून उचकटायचा नाही, मुळं तुटतात. अंतर सांगायला कुणी नसतं, म्हणून रेंजफाइंडर ठेवा. त्याची सुटी लिथियम बॅटरी विमानात हातातल्या सामानातच चालते.

बॉल पाण्याकडे गेला तर काठावर वाकून चाचपू नका. फ्लोरिडात गोड्या पाण्याच्या कोणत्याही तळ्यात मगरीच्या जातीचा ॲलिगेटर असू शकतो, असं धरूनच वागायचं. त्याला खायला घालणं तर कायद्यानेच गुन्हा आहे. लाल खुणेचं पाणी असेल तर एक दंडाचा स्ट्रोक घ्या आणि बॉल जिथून आत गेला तिथपासून दोन क्लबच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, ड्रॉप करा (हातातून खाली सोडा). दंड न लागता सुटका मिळते ती वेगळ्या प्रसंगी: बॉल पाण्याबाहेर आहे आणि शेजारी ॲलिगेटर पहुडलेला आहे किंवा लाल मुंग्यांचं वारूळ आहे, तर धोकादायक प्राण्याचा नियम १६.२ लागू होतो. मातीचा भुसभुशीत ढिगारा दिसला की त्यावर पाय ठेवू नका. या मुंग्या चावल्या की पुढचे दोन दिवस बूट घालवत नाहीत. हरवलेला बॉल शोधायला तीनच मिनिटं. बॉल भरपूर ठेवा, डझनभर तरी.

मागची टी

एवढे पैसे मोजलेत तर पूर्ण कोर्स खेळू, हा विचार तासभर वाया घालवतो. ड्राइव्ह (टीवरून मारलेला लांब फटका) २२५ यार्ड जात असेल तर ५,८०० ते ६,००० यार्डांची टी, २०० जात असेल तर ५,२०० ते ५,४००. हँडिकॅपही (कौशल्यानुसार मिळणारी स्ट्रोकची सूट) तसाच नेऊ नका. इंडेक्स (तुमचा हँडिकॅपचा आकडा) गुणिले स्लोप भागिले ११३, त्यात कोर्स रेटिंग वजा पार मिळवा; स्लोप आणि रेटिंग हे कोर्सच्या अवघडपणाचे आकडे. इंडेक्स १८, स्लोप १३०, रेटिंग ७२.५ आणि पार ७२ असेल तर २१ स्ट्रोक मिळतात.

सामान

एकच राऊंड खेळायचा असेल तर सेट नेऊ नका, भाड्याने घ्या. पण आयत्या वेळी नाही. डावखुरे असाल, शाफ्ट (क्लबचा दांडा) नरम हवा असेल किंवा मुलाचा सेट हवा असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, असे सेट मोजकेच असतात. दोन-तीन राऊंड असतील तर स्वतःचा सेट न्या. तो विमानात चेक-इनच करावा लागतो, केबिनमध्ये क्लब चालत नाहीत. ड्रायव्हर या सगळ्यात लांब क्लबचं डोकं काढून कपड्यात गुंडाळा, कारण बॅग क्लबच्या डोक्यांच्या बाजूने आपटली की आधी त्याचीच मान जाते.

दमट हवेत ग्लोव्ह सहा होलमध्ये ओला होतो. तीन ठेवा आणि आलटून पालटून घाला. सनस्क्रीन लावल्यावर तळहात पुसा, नाहीतर ग्रिप सटकते. डासांचा डीट असलेला स्प्रे ग्रिपवर उडू देऊ नका, त्याने रबर खराब होतं. आणि कोणताही स्प्रे गवतावर उभं राहून मारू नका. दुसऱ्या दिवशी तिथे तुमच्या पावलांचे जळके ठसे उमटलेले असतात. कार्टच्या रस्त्यावर उभे राहून मारा.

शेवटचा राऊंड परतीच्या दिवशी ठेवू नका. दवाने भिजलेले बूट, ओले टॉवेल आणि पावसात न्हालेली बॅग वाळायला एक रात्र लागते. बऱ्याच विमान कंपन्यांची २३ किलोंची मर्यादा ओल्या सामानाने सहज ओलांडली जाते, आणि मग बॅग उघडून बॉल काढायची वेळ काउंटरवर येते.