परदेशी ग्राहकाला ट्रेडिंग कार्ड पाठवताय? या चुका टाळा

शाळेत असताना स्लॅम अटॅक्सची, म्हणजे कुस्तीपटूंची कार्डं कंपासपेटीत जपणारी आमच्या नाशिकची मुलं आता जर्मनी-अमेरिकेला पोकेमॉनची कार्डं विकतात. याचा मला मनापासून आनंद आहे. पण वर्षानुवर्षं कार्ड जिवापाड जपायचं आणि पाठवायच्या दिवशी दहा मिनिटांत गुंडाळून मोकळं व्हायचं, हे बघवत नाही. अडीच बाय साडेतीन इंचांचा, जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा तो. कोपऱ्यावर टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका आला तरी मिंट, म्हणजे अगदी कोरं, कार्ड मिंट राहत नाही.

सगळ्यात आधी सेलोटेप. टॉपलोडरमधून, म्हणजे वरून उघड्या कडक प्लॅस्टिकच्या पाकिटातून, कार्ड घसरू नये म्हणून तोंडावर टेप लावतात, ते बरोबरच आहे. पण पारदर्शक सेलोटेप, तीही दोन-तीन वेढे? मीही हेच केलं होतं. जर्मनीतल्या एका ग्राहकाला होलो चारिझार्ड, म्हणजे पोकेमॉनचं चकाकणारं कार्ड, पाठवलं. वाटेत उन्हातान्हात टेपचा गोंद वितळून प्लॅस्टिकवर पसरला. त्याला टेपचं टोक सापडेना, म्हणून त्याने पातं चालवलं. त्याने पाठवलेला फोटो अजून माझ्याकडे आहे : वरच्या कडेला दोन मिलिमीटरची चीर, आत कागदाचा पांढरा थर दिसतोय. कार्ड सात समुद्र पार करून सुखरूप पोचलं आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात गेलं. पैसे मी पूर्ण परत केले, कारण चूक माझी होती.

तेव्हापासून मी फक्त मास्किंग टेप वापरतो आणि तिचं टोक बोटभर दुमडून कान ठेवतो. उघडणाऱ्याने तो कान धरून ओढायचा, कात्री लागतच नाही. कार्ड आधी पेनी स्लीव्हमध्ये, म्हणजे पातळ प्लॅस्टिकच्या खोळीत, मग टॉपलोडरमध्ये, टॉपलोडर चिकटपट्टीच्या पिशवीत आणि दोन्ही बाजूंनी पुठ्ठा. स्लीव्ह न घालता कार्ड थेट टॉपलोडरमध्ये सरकवणाऱ्यांनी ते एकदा उजेडात तिरकं धरून पाहावं, चरे दिसतील.

रबर बँड अजिबात नको, कडेला खाच पडते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई लागते आणि कागद दमट होतो.

खोका भरायचा कसा, हे मी मामांच्या पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये शिकलो. पेटी सैल राहिली तर द्राक्षाचे मणी झडतात, दाबून भरली तर फुटतात. कार्डाचंही तेच. पॅक झाल्यावर खोका कानाजवळ धरून हलवा. आतून जराही आवाज आला तर पुन्हा उघडा. कंटाळा आला तरी उघडा.

पावसाळ्यात फॉइल, म्हणजे चकचकीत थर असलेल्या, कार्डांना वेगळं सांभाळावं लागतं. फॉइलचा थर ओलावा घेत नाही, मागचा कागद घेतो आणि फुगतो, म्हणून कार्ड कमानीसारखं वळतं. जुलैत उघड्या खिडकीजवळ बसून पिशवी सील केली, तर ती दमट हवा तुम्ही आत कोंडून पाठवता. मी आदल्या रात्री कार्ड सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवतो आणि सकाळी पॅक करतो. एक रात्र थांबायची तयारी नसेल तर महागडी फॉइल कार्डं विकूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कस्टम्सचा फॉर्म. ‘गिफ्ट लिही, किंमत कमी टाक’ असं ग्राहक सुचवतो आणि नवखे विक्रेते ऐकतात. सिडकोतल्या माझ्या एका मित्राने चौदा हजारांच्या कार्डावर ‘गिफ्ट, ५०० रुपये’ लिहिलं. तिकडच्या कस्टम्सने ग्राहकाकडे पैसे भरल्याचा पुरावा मागितला. पुराव्यात खरी रक्कम होती, त्यामुळे ग्राहकाने हात झटकले. पार्सल जवळजवळ तीन महिन्यांनी परत आलं, एक कोपरा चेपलेला. भरपाई मागणार कशाची? कागदावर किंमत पाचशेच होती.

विकलेली वस्तू बाहेर पाठवणं म्हणजे निर्यात. त्यासाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा, क्रमांक काढा, ५०० रुपये फी आहे, ऑनलाइन होतं. टपालाने पाठवणार असाल तर डाकघर निर्यात केंद्राची चौकशी करा, पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट, म्हणजे टपालाने होणाऱ्या निर्यातीचा कस्टम्सचा फॉर्म, तिथे भरता येतो. वर्णनात नुसतं ‘कागद’ लिहू नका. ‘छापील ट्रेडिंग कार्ड, १ नग’ असं लिहा आणि किंमत खरी टाका.

कर कोण भरणार, हे पैसे घेण्याआधीच ग्राहकाला लेखी विचारा. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतची व्हॅटची सूट १ जुलै २०२१ पासून बंद केली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली आणि त्या गोंधळात आपल्या टपाल खात्याचं अमेरिकेचं बहुतेक बुकिंग ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद होतं. तेव्हा जुन्या सवयीने ‘कर लागत नाही’ असं सांगून बसलेल्यांना ग्राहकांची बोलणी खावी लागली.

पॅक करण्याआधी कार्डाच्या दोन्ही बाजूंचे आणि चारही कोपऱ्यांचे फोटो काढा, शेजारी त्या दिवशीची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. पावतीवरचा तेरा अक्षरांचा ट्रॅकिंग क्रमांक मी वहीत हाताने उतरवून घेतो, कारण पावतीची शाई महिनाभरात उडते आणि पार्सलची चौकशी करायची वेळ बहुतेकदा त्यानंतरच येते.