बांधावर तरवड लावायचा तर

आमच्या सोलापूरकडं तरवड, म्हणजे पिवळ्या फुलांचं रानटी झुडूप, कुणी मुद्दाम लावत नाही, माळावर आपसूक येतो. पण बांध मोकळा असेल तर लावाच. जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळं कुंपणाचा खर्च नाही.

चपट्या, वाळलेल्या शेंगा झाडावरूनच तोडा. बी टणक, तसंच पेरलं तर नुसतं पडून राहतं. पाणी उकळून खाली उतरवायचं, बी त्यात टाकून रातभर ठेवायचं. सकाळी फुगलेलं तेवढंच घ्या आणि मृगाचा पाऊस झाला की मुरमात बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल टोचा. मूळ खोल जातं, म्हणून जागेवरच पेरलेलं बरं. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून तांब्याभर पाणी, पुढं काही नाही.

फुलात मध नसतो, फक्त पराग, तोही नळीसारख्या कोशात कोंडलेला. काळा भुंगा फुलाला लटकतो, अंग थरथरवतो, की कोशाच्या टोकाच्या भोकातून पिवळी पूड उडते. जवळ उभं राहिलं तर ती घुर्र चक्क ऐकू येते! पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारणी नको, त्यांचीच फुलपाखरं होतात.

नवरात्रात घटाच्या माळेसाठी फुलं मागायला अख्खी गल्ली येईल. द्या, पण निम्मी झाडावर ठेवून.