जुन्या सायकलींचे पार्ट जमवताय? पान्हा लावण्याआधी या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही तालुक्याच्या गावात जा, गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली एखादी काळी चोवीस इंची फ्रेमची सायकल अजून सापडते. रॉडचे ब्रेक, कॉटर पिनने (आडव्या लोखंडी खिळीने) बसवलेले क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, मागे दुधाचे कॅन टांगून वाकलेलं कॅरिअर. या सायकली दोन-दोन पिढ्या चालल्या. त्यातल्या बऱ्याच मोडीत निघाल्या त्या वापराने नाही, दुरुस्तीच्या घाईने. अंदाजाने आणलेला पार्ट जोर लावून बसवला, आटे गेले, फ्रेम भंगारात. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला बंद पडला. जुन्या कंपन्यांचे छाप असलेले चेनव्हील (पुढचं दात्यांचं चक्र), हब (चाकाचा मधला तुंबा), हेड बॅज (पुढच्या नळीवरचा कंपनीचा बिल्ला) आता नव्याने मिळणं कठीण, त्यामुळे या छंदात खराब केलेला पार्ट परत आणता येत नाही. म्हणून माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती आहे: आधी माप, मग पान्हा.

उलट्या आट्यांवर जोर

सर्वात जास्त नुकसान इथे होतं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. हे ऐकलेलं सगळ्यांनी असतं, पण सायकल उलटी करून काम करताना डावं-उजवं हमखास चुकतं. लक्षात ठेवायची सोपी खूण अशी: सायकल सरळ उभी करा, पान्ह्याचं टोक वरच्या बाजूला घ्या. पुढच्या चाकाकडे ओढलं की पायडल आवळतं, मागच्या चाकाकडे ओढलं की सुटतं. दोन्ही बाजूंना हाच नियम.

बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो त्या फ्रेमच्या खालच्या भागाची, गंमत वेगळी. इंग्लिश पद्धतीच्या आट्यांत उजवीकडची, म्हणजे चेनच्या बाजूची कटोरी (छर्रे बसतात ती वाटी) उलट्या आट्याची असते. इटालियन आट्यांत दोन्ही कटोऱ्या सुलट्या. म्हणून बाहेरून आलेली जुनी रेसिंग फ्रेम हाती लागली, तर आधी शेलची (कटोऱ्या बसतात त्या आडव्या नळीची) रुंदी मोजा. 68 मिलिमीटर भरली तर बहुधा इंग्लिश, 70 भरली तर बहुधा इटालियन. कटोरी हाताने दोन-तीन फेरे सहज जात नसेल तर थांबायचं. हाताने न जाणारी कटोरी पान्ह्याने गेली, तर ती स्वतःचे नवे आटे पाडत आत गेलेली असते.

कॉटर पिन ठोकून काढणं

आमच्याकडच्या नाना नावाच्या म्हाताऱ्या मिस्तरींच्या दुकानात कोणी हातोडा उचलला की ते आतूनच ओरडतात, ‘कसाले ठोकी ऱ्हायना भो?’ म्हणजे, कशाला ठोकतोयस भाऊ? त्यांचं बरोबर आहे. क्रँक अधांतरी ठेवून पिनवर घाव घातला, की तो घाव एक्सलमधून छर्ऱ्यांवर आणि कटोरीवर जातो. कटोरीत बारीक खड्डे पडतात आणि पुढे आयुष्यभर सायकल कटकट वाजते. पिन मात्र तिथेच, वाकलेली.

नाना काढतात ते असं. आदल्या रात्री पिनवर दोन थेंब रॉकेल किंवा गंज सोडवणारं तेल. सकाळी नट सैल करून पिनच्या टोकाच्या पातळीत आणायचा, पूर्ण काढायचा नाही, म्हणजे टोकाचे आटे चेपत नाहीत. मग लोखंडी पाइपचा एक तुकडा जमिनीवर उभा करून क्रँकखाली असा ठेवायचा, की क्रँक पाइपच्या कडेवर टेकेल आणि पिनचं जाड डोकं पाइपच्या पोकळीत येईल. आता वजनदार हातोड्याचा एकच नेमका घाव. दहा हलक्या टिचक्यांनी पिन फुगते, निघत नाही.

बसवतानाच्या चुका दोन. पहिली, नट आवळून पिन ओढून घ्यायची. नटाचं काम पिन जागेवर धरण्याचं. ती बसते ठोकून, तिच्या उतारावर. खाली पाइप ठेवूनच ठोका, मग नट आवळा आणि पहिल्या चार-पाच किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. दुसरी चूक, दिशा. एक पायडल पुढे घेतल्यावर त्याच्या पिनचा नट जिकडे येतो, दुसरं पायडल पुढे घेतल्यावर त्याचाही नट तिकडेच यायला हवा. नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पाय लंगडल्यासारखे पडतात. पिन विकत घेताना जाडी मोजून घ्या, 9.5 आणि 9 मिलिमीटरच्या पिना नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत.

‘अठ्ठावीसचं टायर द्या’

इंचावर टायर मागणं म्हणजे अर्धी माहिती सांगणं. आपल्या रोडस्टरच्या, म्हणजे या जुन्या काळ्या सायकलीच्या, 28 × 1½ टायरच्या आतल्या काठाचा व्यास 635 मिलिमीटर. नव्या गिअरच्या सायकलींचं 700सी म्हणजे 622. फरक 13 मिलिमीटरचा, पण त्यावर टायर एकतर चढतच नाही, नाहीतर चढून हवा भरताच सुटतं. सव्वीसमध्ये तर आणखी गोंधळ: 26 × 1⅜ म्हणजे 590 आणि एमटीबीचं (जाड टायरच्या डोंगरी सायकलीचं) 26 म्हणजे 559. टायरच्या कडेला 40-635 असा बारीक आकडा छापलेला असतो, तो वाचा आणि तोच सांगा.

रिमचंही तसंच. जुन्या इंग्लिश धर्तीच्या रोडस्टरला पुढे 32 आणि मागे 40 भोकं असतात. स्वस्तात मिळाली म्हणून 36 भोकांची सुंदर क्रोम रिम आणून ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत. आधी हबची भोकं मोजा, मग रिमचा भाव विचारा.

स्पोक आधी, फ्रीव्हील नंतर

हा क्रम चुकला की हब गेला. वाकडी रिम फेकायची म्हणून सरळ स्पोक कापून टाकतात आणि मग लक्षात येतं की फ्रीव्हील (मागचं दात्यांचं चक्र) अजून हबवरच आहे. पायडल मारून मारून ते वर्षानुवर्षं आवळलं गेलेलं असतं. सोडवायला अख्ख्या चाकाची पकड लागते. म्हणून पुलर (फ्रीव्हील काढायचं हत्यार) त्याच्या खाचेत बसवा, एक्सलच्या नटाने तो हलका धरून ठेवा, पुलर बाकाच्या शिकंजात पकडा आणि चाक दोन्ही हातांनी ट्रकच्या स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवा. सुटलं की लगेच तो धरलेला नट काढा. स्पोकला हात त्यानंतर.

उन्हाने ट्यूब फुटते, हा समज

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि सायकलीची ट्यूब फुटली की सगळे उन्हाला दोष देतात. हिशेब करून बघा. 25 अंशांना 40 पीएसआय हवा भरली आणि टायर तापून 45 अंशांवर गेलं, तर दाब साधारण 44 होतो. 60 अंशांवर गेलं तरी 46-47. धड टायरला याचं काहीच वाटत नाही. म्हणून उन्हाच्या भीतीने अर्ध्या हवेवर सायकल चालवू नका; त्याने रिम खडीवर आपटते आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

फुटण्याचं खरं कारण बहुतेक वेळा टायर आणि रिमच्या मध्ये चिमटलेली ट्यूब, तडकलेली टायरची कड किंवा कच्चा पॅच असतं. सोल्युशन ओलं असतानाच पॅच दाबला, की तो पहिल्याच कडक दुपारी सरकतो. ट्यूब घासा, सोल्युशनचा पातळ हात द्या, ओली चमक जाईपर्यंत थांबा, मगच पॅच. उन्हाळ्यात एक-दोन मिनिटं पुरतात, श्रावणात जास्त.

पंक्चर काढलं, तासाभरात पुन्हा बसलं, तर वेड्या बाभळीच्या काट्याचं टोक टायरमध्येच राहिलंय. बोटाने शोधू नका, बोट फाटतं. कापसाचा बोळा घ्या, आपल्याकडे त्याची काय कमी, आणि टायरच्या आतून गोल फिरवा. काट्याचं टोक असेल तिथे कापसाचा तंतू अडकून राहतो. चिमट्याने बाहेरून ओढा.

तेल

चेनला गाडीचं जळकं ऑइल किंवा गोडेतेल लावू नका. काळ्या मातीची धूळ त्यावर बसते आणि दाते घासणारा मलम तयार होतो. गोडेतेल तर महिन्याभरात डिंकासारखं चिकट होतं. चेन रॉकेलने धुऊन कोरडी करा, प्रत्येक कडीवर मशीनचं पातळ तेल एक थेंब, मग वरचं तेल फडक्याने पुसून टाका. चेन बदलायची का, हे पट्टीने ठरवा. नव्या चेनच्या 12 पूर्ण जोड्या बरोबर 12 इंच भरतात. 1/16 इंच वाढली तर चेन बदला; 1/8 वाढली तर फ्रीव्हीलचे दातेही गेलेले असणार.

छर्रे बदलताना सगळे एकदम बदला, जुन्यात नवे मिसळू नका. सहसा पुढच्या हबला 3/16 चे, मागे आणि बॉटम ब्रॅकेटला 1/4 चे लागतात.

घेताना आणि विकताना

खरेदीत पहिली नजर हेड ट्यूबच्या मागे, खालच्या नळीच्या पोटाखाली. तिथे रंगाला आडव्या भेगा किंवा फुगवटा दिसला, तर सायकल समोरून आदळलेली आहे. ताजा रंग मारलेली फ्रेम मी जास्तच संशयाने बघतो. विकणाऱ्यांनी तर रंग मारूच नये. मूळ रंग, मूळ सोनेरी रेघा, गंजलेला का होईना पण कंपनीचा बॅज, यालाच जाणकार गिऱ्हाईक पैसे देतं. क्रोमवरचा गंज पॉलिश पेपरने घासू नका, क्रोमच निघून जाईल. ओल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलने हळूहळू घासा.

फ्रेम नंबर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तो बॉटम ब्रॅकेटच्या खाली किंवा सीटच्या जोडाजवळ असतो. खरवडलेला दिसला तर सायकल जागेवर सोडा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. साध्या कागदावर नंबर, रक्कम, तारीख आणि सही घेतली तरी पुष्कळ झालं.

एक विनंती मनापासून. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत मुलींना शाळेत जायला सरकारी योजनेतून सायकली मिळतात. त्यातली एखादी ‘बंद पडलीय, घेऊन जा’ म्हणून कोणी दाखवली, तर पार्टसाठी विकत घेऊ नका. ती नीट करून परत द्या. बहुतेकदा वॉल ट्यूब (व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी) आणि ब्रेकचे रबर एवढ्यावर काम भागतं, आणि त्या पोरीची शाळा चालू राहते.

पार्सलने पार्ट पाठवताना एक्सलच्या दोन्ही टोकांना रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर ते खोकं फाडून बाहेर येतात आणि आटे चेपतात. कोन, कटोरी आणि छर्रे वेगळ्या पुड्यांत बांधा आणि प्रत्येक पुडीवर माप लिहा: छर्रा 3/16 की 1/4, पिन 9 की 9.5, हबला भोकं किती.