१२० मिमी पावसाचे १७४० मिमी कसे झाले?

एचईसी-एचएमएस या पावसावरून नदी-ओढ्याचा प्रवाह काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये २४ तासांचा पाऊस चालवला. गणना बिनबोभाट संपली, एकही एरर नाही. पण हायड्रोग्राफचा, म्हणजे वेळेनुसार प्रवाहाच्या आलेखाचा, प्रचंड पीक (सर्वोच्च प्रवाह) बघून डोळेच फिरले. मी आधी कर्व्ह नंबरवर (किती पाऊस वाहून जाईल हे जमिनीनुसार ठरवणारा आकडा) संशय घेऊन तो बदलला, मग लॅग टाइम (पाऊस आणि पीक यांतलं अंतर) बदलून पाहिला. दोन दिवस त्यातच गेले.

शेवटी निकालांतला एकूण पाऊस वाचला: १७४० मिमी! माझ्या तक्त्यात होता १२०. तक्त्यातले दर तासाचे आकडे साठत जाणारे, म्हणजे संचयी होते आणि रेनगेजच्या (पर्जन्यमापकाच्या) सेटिंगमध्ये मी ‘इन्क्रिमेंटल’, म्हणजे त्या-त्या तासापुरता पाऊस, ठेवलं होतं. त्यामुळे प्रत्येक तासाला आधीचा सगळा पाऊस पुन्हा पडत होता. ‘क्युम्युलेटिव्ह’ (संचयी) निवडलं, १२० आला.

तरी खात्रीसाठी कागदावर हिशोब केला. कर्व्ह नंबर (सीएन) ७५, म्हणून एस, म्हणजे जमीन जास्तीत जास्त धरून ठेवेल ते पाणी = २५४००/७५ − २५४ = ८४.७ मिमी. सुरुवातीची घट (पाणी वाहू लागण्याआधी जिरणारा पाऊस) त्याच्या ०.२ पट, १६.९. रनऑफ (वाहून जाणारं पाणी) = (१२० − १६.९)² / (१२० + ०.८ × ८४.७) = सुमारे ५६.६ मिमी. सॉफ्टवेअरचा आकडा जुळला. हे गणित पाच मिनिटांचं, आधीच करायला हवं होतं.

पीक मात्र अजूनही हवा त्यापेक्षा एक तास आधी येत होता. तक्त्यातली वेळ तासाच्या सुरुवातीची होती, सॉफ्टवेअर ती तासाच्या शेवटची धरतं. सगळ्या वेळा एक तास पुढे सरकवल्या.

कर्व्ह नंबर पुन्हा मूळचा ७५ केलाय. बिचाऱ्याला उगाच छळलं.