सोरायसिस किती वाढलाय, हे घरी असं बघा

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी मी आईला खिडकीपाशी, उजेडात बसवते. तेल लावायच्या आधी, कारण तेलाने खपल्या दबतात. मापाला तिचाच तळहात, बोटांसकट. तो अंगाच्या साधारण १ टक्का धरतात. चट्ट्यांवर असे किती तळहात बसतील? ३ पेक्षा कमी असतील तर सौम्य, ३ ते १० मध्यम, त्यापुढे तीव्र.

पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. आईचे चट्टे जेमतेम दोन तळहात, तरी तळपायाच्या भेगांमुळे तिला चपलेत पाय घालवत नाही. याला मी सौम्य म्हणणारच नाही!

लाली, जाडी, खपल्या यांना ० ते ४ गुण देऊन वहीत लिहा. डॉक्टरही पासी (PASI, म्हणजे सोरायसिस किती तीव्र आहे ते सांगणारा गुणांक) काढताना हेच बघतात. सकाळी बोटं आखडत असतील तर ते आधी सांगा, हा आजार सांधेही धरतो.